दुसऱ्या अर्जाला मनाई करण्यापूर्वी पहिल्या अर्जाला कारणांसह उत्तर मिळावे: मुंबई उच्च न्यायालयाच्या माननीय मुख्य न्यायमूर्तींना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय.

विषय: पोलीस तपासाच्या आदेशासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पुन्हा अर्ज करण्यावर घातली जाणारी मर्यादा

माननीय महोदय,

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करता येतो, आणि तो अर्ज एकदा नामंजूर झाला की त्याच प्रकरणात पुन्हा अर्ज करता येत नाही, असे आता वकील आपल्या अशिलांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवतात. यातला पहिला भाग कायद्यात लिहिलेला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५६(३) मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) मध्ये आहे. दुसरा भाग मात्र या संहितेच्या कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. तो काही न्यायनिर्णयांतून आणि बराचसा रोजच्या सवयीतून आलेला आहे. सवयीतून आलेल्या नियमाला कडा नसतात. तो कोणाला लागू आणि कोणाला नाही, हे त्या दिवशीच्या बोर्डावर किती प्रकरणे आहेत यावरही ठरू लागते. या नियमाच्या कडा उच्च न्यायालयाने लेखी आखून द्याव्यात, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

मी विदर्भातील तालुका न्यायालयांत लिपिक म्हणून लागलो आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त होऊन नागपुरात राहायला आलो. अर्ज स्वीकारणे, रोजनामा लिहिणे, नकला देणे यात माझी नोकरी गेली, त्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्यांवरचा ताण मी जवळून पाहिला आहे. सकाळी रिमांड, मग जामीन, मग धनादेश न वटल्याच्या खटल्यांची रांग, आणि या सगळ्यातून वेळ उरला तर तपासाच्या आदेशासाठी आलेले किरकोळ फौजदारी अर्ज. तेव्हा खालच्या न्यायालयांबद्दल मी जे लिहितो आहे ते आकसाने लिहीत नाही, हे आपण गृहीत धरावे अशी विनंती आहे.

निवृत्तीच्या पैशांतून मी वर्धा रोडच्या बाजूला, मिहान या विमानतळाजवळच्या प्रकल्पाच्या भरवशावर पडलेल्या ले-आउटपैकी एकात भूखंड घ्यायचे ठरवले. नोंदणीकृत करारनामा झाला, रक्कम धनादेशाने दिली आणि विक्रीपत्र लांबत गेले. कधी अकृषक परवानगीचे कारण, कधी नागपूर सुधार प्रन्यासच्या मंजुरीच्या कागदाचे, कधी विकासकाच्या घरच्या आजारपणाचे. शेवटी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. काही आठवड्यांनी हाती समजपत्र पडले. छापील नमुना, मधल्या रिकाम्या जागांत निळ्या शाईने माझे नाव आणि तक्रारीची तारीख भरलेली, आणि खाली आधीपासूनच छापलेले वाक्य, की आपला वाद दिवाणी स्वरूपाचा असल्याने आपण योग्य त्या न्यायालयात दाद मागावी. तक्रार वाचण्यापूर्वीच उत्तर छापून ठेवलेले होते, याचे मला आजही नवल वाटते. मग वरिष्ठ अधिकाऱ्यांना रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज पाठवला. तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' म्हणून त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर परत आला. त्यानंतर कलम १७५(३) खाली अर्ज केला. पोलिसांचे म्हणणे मागवले गेले, त्यांनी समजपत्रातलेच वाक्य पुन्हा लिहून दिले, आणि आदेश झाला: अर्ज व पोलिसांचे म्हणणे पाहिले, प्रकरण दिवाणी स्वरूपाचे दिसते, अर्ज नामंजूर.

इथपर्यंत मी तक्रार करणार नाही. करार मोडणे म्हणजे फसवणूक नव्हे, हे मलाही माहीत आहे. पैसे घेताना देण्याची दानत नव्हतीच, असे दाखवता आले तरच फसवणुकीचा गुन्हा होतो आणि त्या वेळी माझ्याकडे तसे दाखवणारे काही नव्हते. पुढे एके दिवशी ज्या भूखंडाला मी माझा समजत होतो त्यावर एक गृहस्थ सिमेंटचे खांब आणि काटेरी तारेचे बंडल घेऊन कुंपण घालायला आले. त्यांच्याजवळ रजिस्ट्री होती. त्यात भूखंडाचा क्रमांक जुन्या नकाशाप्रमाणे होता, माझ्या करारनाम्यात सुधारित नकाशाप्रमाणे, म्हणून नोंदणी कार्यालयातल्या शोधात ती माझ्या वकिलांना सापडली नव्हती. खसरा, म्हणजे जमिनीचा सर्व्हे क्रमांक, मात्र एकच होता. चतुःसीमा एकच. पूर्वेला नाला, पश्चिमेला नऊ मीटरचा रस्ता. आणि त्यांच्या विक्रीपत्राची तारीख माझ्या करारनाम्याच्या आधीची होती. म्हणजे माझ्याकडून धनादेश घेतला त्या दिवशी विकणाऱ्याकडे विकायला काही उरलेलेच नव्हते.

विक्रीपत्राची प्रमाणित प्रत काढली, दोन्ही नकाशे जोडले आणि पुन्हा पोलीस ठाण्यापासून सुरुवात केली. ठाण्याने कळवले की या विषयात पूर्वी समजपत्र दिलेले आहे आणि न्यायालयानेही अर्ज नामंजूर केलेला आहे, त्यामुळे कार्यवाहीची गरज नाही. वरिष्ठांकडूनही तेच आले. न्यायालयात दुसरा अर्ज केला तेव्हा शपथपत्रात पहिल्या अर्जाचा क्रमांक, तारीख आणि आदेश स्पष्ट लिहिला. त्यावर आदेश झाला की याच वस्तुस्थितीवरील पूर्वीचा अर्ज नामंजूर झालेला असल्याने हा अर्ज चालण्यायोग्य नाही. नव्या विक्रीपत्राचा आदेशात उल्लेखही नाही. ते नवे आहे की नाही, नवे असले तरी पुरेसे आहे की नाही, ते आधी का आणले नाही, यांपैकी एकाही प्रश्नाला हात लागलेला नाही. पोलीस न्यायालयाकडे बोट दाखवतात आणि न्यायालय पोलिसांच्या जुन्या म्हणण्याकडे. दोघांनीही ते विक्रीपत्र उघडून पाहिलेले नाही.

या आदेशाविरुद्ध माझा पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो आदेश वरच्या न्यायालयाने तपासावा असा अर्ज, सत्र न्यायालयासमोर आहे. त्याचा निर्णय व्हायचा तो तिथेच होईल आणि त्याबद्दल या पत्रात मी आपल्याकडे काहीही मागत नाही. म्हणूनच ठाण्याचे, न्यायालयाचे किंवा विकासकाचे नाव येथे लिहिलेले नाही. प्रश्न माझ्या भूखंडापुरता असता तर जाहीर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. पण ले-आउटमधल्या इतर भूखंडधारकांचे कागद वाचताना, आणि जुन्या ओळखीमुळे लोक दाखवायला आणतात ते आदेश पाहताना, हीच ओळ वेगवेगळ्या हस्ताक्षरांत माझ्यासमोर येत राहिली.

आधी मर्यादेच्या बाजूने बोलतो, कारण मर्यादा असावी असेच माझे मत आहे. एका तालुक्यात अर्ज फेटाळला की आरोपींच्या यादीत एखादे नाव घालून शेजारच्या तालुक्यात तोच अर्ज करणारे लोक मी खिडकीवर पाहिले आहेत. भावकीच्या वादात, निवडणुकीच्या तोंडावर, सून-सासरच्या भांडणात, कर्ज थकल्यावर बँकेच्या माणसांना जेरीस आणण्यासाठी या कलमाचा वापर होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रियंका श्रीवास्तव प्रकरणात शपथपत्र सक्तीचे केले, आणि आधी पोलीस ठाणे व मग वरिष्ठ अधिकारी असे दोन्ही दरवाजे ठोठावल्याचा पुरावा मागितला. त्यामागे कर्ज थकवणाऱ्याने वित्तसंस्थेच्या अधिकाऱ्यांवर एकामागून एक फौजदारी प्रकरणे लादल्याचा इतिहास होता. नव्या संहितेने ते बंधन थेट कलमातच घेतले, हे योग्य झाले. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्या माणसालाही एकदा सुटल्यावर निवांत झोपण्याचा अधिकार आहे.

पण 'पुन्हा अर्ज नको' असे म्हणण्याचा अधिकार पहिल्या अर्जाचा नीट निकाल लावल्यावरच येतो. माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार येथे आहे. पहिल्या अर्जावरचे आदेश अनेकदा कारणांशिवाय होतात. 'दिवाणी स्वरूप' हे कारण नव्हे, तो निष्कर्ष आहे; कोणत्या आरोपावरून आणि कोणत्या कागदावरून तो काढला, हे लिहिले तर त्याला कारण म्हणता येईल. दुसऱ्या अर्जात नवे काय आहे हे ठरवायचे तर पहिल्या वेळी काय तपासले गेले ते माहीत असायला हवे. दोन ओळींच्या आदेशातून ते कळत नाही, मग दुसऱ्या वेळी बसलेले न्यायदंडाधिकारी तुलना कशाशी करणार? बहुधा बदलून आलेले ते दुसरेच अधिकारी असतात. त्यांच्यासमोर जुना अर्ज असतो, त्यावरचा 'नामंजूर' असतो आणि मधली जागा कोरी असते. अशा वेळी 'वस्तुस्थिती तीच' असे लिहिणे सर्वांत सोपे असते.

याच विदर्भातल्या दिग्रसमधून निघालेल्या ओमप्रकाश अंबाडकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला तपासाचा आदेश रद्द केला. तक्रारीतून त्या गुन्ह्यांचे घटकच दिसत नसताना डोके न वापरता आदेश दिला गेला, असे त्यामागचे सूत्र होते. त्याच निकालात नव्या कलम १७५(३) ची चर्चा आहे आणि पोलिसांचे म्हणणे ऐकण्याच्या तरतुदीमुळे सकारण आदेशाची अपेक्षा अधिक नेटकेपणाने पूर्ण होईल असे म्हटले आहे. या निकालानंतर तपासाचा आदेश देताना न्यायालये सावध झाली, हे चांगलेच. पण सकारण आदेशाची अपेक्षा मंजुरीला आणि नामंजुरीला सारखीच लागू आहे. प्रत्यक्षात काय होते? अर्ज मंजूर करायचा तर दोन पाने लिहावी लागतात, आणि नामंजूर करायचा तर दोन ओळी पुरतात. कामाच्या ओझ्याखाली माणूस कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला नको.

दुसरी तक्रार अशी, की अर्ज कशामुळे नामंजूर झाला याचा फरक पुढे कोणी विचारत नाही. शपथपत्र नमुन्याप्रमाणे नाही, वरिष्ठांना पाठवलेल्या अर्जाची पोस्टाची पोच जोडलेली नाही, तारखेला वकील हजर नाहीत, ठाण्याची हद्द वेगळी आहे, अशा कारणांनी गेलेले अर्ज आणि गुणदोषांवर विचार होऊन गेलेले अर्ज एकाच शब्दाने ओळखले जातात. ई-कोर्ट्सच्या ॲपवर माझ्या पहिल्या अर्जापुढे 'निकाली' एवढाच शेरा होता. खासगी फिर्यादीच्या, म्हणजे पोलिसांऐवजी थेट न्यायालयात केलेल्या तक्रारीच्या, बाबतीत हा गोंधळ सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच मिटवला आहे: जतिंदर सिंग विरुद्ध रणजित कौर या २००१ च्या निकालाप्रमाणे फिर्यादी गैरहजर राहिल्यामुळे फिर्याद निकाली निघाली असेल, तर त्याच वस्तुस्थितीवर दुसरी फिर्याद करायला आडकाठी नाही. जी सवलत फिर्यादीला आहे ती तपासाच्या अर्जाला का नसावी? अर्जाच्या टप्प्यावर तर न्यायालयाने गुन्ह्याची दखलही घेतलेली नसते.

याच धाग्याला धरून तिसरी गोष्ट आहे आणि कायद्याच्या दृष्टीने मला ती सर्वांत विसंगत वाटते. जुन्या कलम २०३ खाली, म्हणजे आताच्या कलम २२६ खाली, फिर्यादीचा जबाब घेऊन, साक्षीदार ऐकून, गरज पडल्यास चौकशी करून फिर्याद काढून टाकली जाते. इतका विचार होऊन गेलेल्या फिर्यादीसुद्धा पुन्हा करता येतात. मात्र अपवादात्मक परिस्थितीतच. प्रमथनाथ तालुकदार प्रकरणापासून, म्हणजे साठाहून अधिक वर्षांपासून, ते अपवाद ठरलेले आहेत: पहिला आदेश अपुऱ्या अभिलेखावर किंवा फिर्यादीचा अर्थ चुकीचा लावून झालेला असणे, तो उघडपणे अन्यायकारक किंवा विपरीत असणे, किंवा वाजवी दक्षता घेऊनही पूर्वी मांडता आली नसती अशी नवी वस्तुस्थिती पुढे येणे. २०२० च्या समता नायडू प्रकरणातही न्यायालयाने याच चौकटीत विचार केला आणि गाभा तोच असताना केवळ आणखी काही कागद जोडून केलेली दुसरी फिर्याद चालू दिली नाही. ती कठोर चौकट मला मान्य आहे. निदान ती चौकट तरी आहे. इकडे जबाब नाही, साक्षीदार नाही, चौकशी नाही, असा प्राथमिक अर्ज दोन ओळींत नामंजूर होतो आणि त्याला मात्र एकही अपवाद विचारात न घेता कायमची कडी लागते. अधिक विचारांती दिलेला नकार सैल आणि कमी विचारांती दिलेला नकार घट्ट, अशी ही उलटी व्यवस्था कोणी ठरवून केलेली नसावी. ती होऊन बसली आहे.

शिवाय या पद्धतीत प्रामाणिकपणाची शिक्षा होते. मी पहिल्या अर्जाची माहिती शपथेवर दिली आणि नेमकी तीच माझ्या नामंजुरीचे कारण ठरली. जो माहिती दडवून दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतून अर्ज करतो त्याला ही अडचण येत नाही, निदान कोणी उकरून काढेपर्यंत तरी.

चौथी तक्रार पोलिसांच्या म्हणण्याविषयी आहे. कलम १७५(३) प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांनी शपथपत्रासह आलेला अर्ज पाहायचा, आवश्यक वाटेल ती चौकशी करायची आणि पोलीस अधिकाऱ्याचे निवेदन विचारात घ्यायचे आहे. ज्या ठाणेदाराने गुन्हा नोंदवला नाही त्याला 'का नोंदवला नाही' हे न्यायालयाला सांगायला लावावे, हा या तरतुदीचा उपयोग आहे. व्यवहारात मात्र 'से' म्हणून एक पान येते. त्याची प्रत अर्जदाराला मागितल्याशिवाय मिळत नाही आणि त्यातले शेवटचे वाक्य आदेशात उतरते. दुसऱ्या अर्जाच्या वेळी तर नवे म्हणणे मागवलेच जात नाही. पहिलेच पुन्हा वापरले जाते. ज्या कागदाबद्दल पोलिसांनी कधी मत दिलेले नाही, त्या कागदावर त्यांचे जुने मत चालते, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

येथे कायद्यातली एक बाब नोंदवून ठेवतो, कारण ठाण्यांमध्ये तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. नव्या संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येते ती तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि चौदा दिवसांत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) ला, म्हणजे जुन्या चारशे वीसला, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा तो गुन्हा या उपकलमाच्या बाहेर राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्ये व्यापारी व्यवहारांच्या तक्रारींत थोडी चौकशी करायला वाव ठेवला होता, पण तीही दखलपात्र गुन्हा, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येतो असा गुन्हा, दिसतो का एवढे पाहण्यापुरती आणि ठरावीक मुदतीत. महिनोन्महिने 'चौकशी चालू आहे' असे सांगून मग समजपत्र देण्याची पद्धत या दोहोंत कुठेच बसत नाही. पुन्हा अर्ज करणाऱ्यांची गर्दी कशामुळे वाढते हे शोधायचे असेल तर सुरुवात येथून करावी लागेल. पहिली खबर नीट घेतली गेली तर पहिल्या अर्जाचीच गरज पडणार नाही.

आता 'खासगी फिर्याद करा, ती वाट उघडी आहे' या उत्तराबद्दल. ही वाट आहे, हे खरे. पण विकासकाच्या बँक खात्याचा उतारा मी कसा मिळवणार? जुन्या आणि सुधारित नकाशांवर कोणी कधी सही केली, एकाच जागेचे पैसे आणखी किती जणांकडून घेतले, ते पैसे कुठे गेले, हे कागद दुसऱ्याच्या ताब्यात आहेत. अशा स्थितीत प्रकरण पोलिसांकडे पाठवणे योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका महिलेच्या प्रकरणात सांगितले आहे. त्यातच नव्या संहितेच्या कलम २२३ प्रमाणे आता फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. तत्त्व म्हणून ते न्याय्य असेल. पण तपासापूर्वीच ज्याला नोटीस मिळते त्याच्या कपाटातले कागद नोटीस मिळाल्यानंतर जागेवर राहतील, असे मानणे धाडसाचे आहे.

पुनरीक्षणाची आणि उच्च न्यायालयाची वाट मी थोडक्यात संपवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या साकिरी वासू निकालापासून उच्च न्यायालये सांगतात की गुन्हा नोंदवला जात नसेल तर आधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. न्यायदंडाधिकाऱ्यांनी कारण न देता दार लावले तर पुढचा खर्च, वकिलांची फी आणि वेळ हे सगळे त्या माणसावर पडते ज्याचे पैसे आधीच गेलेले आहेत. माझ्याजवळ निवृत्तिवेतन आणि कोर्टाच्या कामाची थोडी माहिती आहे. आमच्याच ले-आउटमध्ये भूखंड घेतलेल्या, घरकाम करून हप्ते भरलेल्या बाईंकडे दोन्ही नाही, आणि स्त्री म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, हे त्यांना कोणत्याही आदेशाने किंवा समजपत्राने कधी कळवलेले नाही.

या पार्श्वभूमीवर माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. जिल्हा न्यायालयांवर आणि न्यायदंडाधिकाऱ्यांवर देखरेखीचा अधिकार उच्च न्यायालयाला राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ ने आणि नव्या संहितेच्या कलम ५२९ ने दिलेला आहे, आणि क्रिमिनल मॅन्युअलमध्ये, म्हणजे फौजदारी न्यायालयांच्या कामकाजाच्या नियमपुस्तिकेत, भर घालण्याची व्यवस्थाही आहे. त्यामुळे यांपैकी कशासाठीही संसदेची वाट पाहावी लागणार नाही, असे मला वाटते.

कलम १७५(३) खालील प्रत्येक आदेशात, तो मंजुरीचा असो वा नामंजुरीचा, किमान एवढ्या गोष्टी लिहिल्या जाव्यात: कलम १७३(४) चे टप्पे (आधी पोलीस ठाणे, मग वरिष्ठ अधिकारी) पूर्ण झाले की नाही, आरोप खरे धरले तर कोणता दखलपात्र गुन्हा दिसतो किंवा का दिसत नाही, पोलिसांनी कोणते कारण दिले आणि ते का पटले किंवा पटले नाही, आणि कोणते कागद पाहिले. यासाठी एक पान पुरते. हे मी अंदाजाने लिहीत नाही, अशी एक-एक पानाची नेटकी आदेशपत्रे मी स्वतः नकलून दिलेली आहेत.

नामंजुरीच्या आदेशात ती गुणदोषांवर आहे की उणिवेमुळे, हे स्पष्ट लिहिण्याचे बंधन असावे. उणिवेमुळे असेल तर ती उणीव कोणती हे सांगून, ती दूर करून पुन्हा अर्ज करण्याची मुभा त्याच आदेशात नोंदवावी. गुणदोषांवर असेल तर दुसरा अर्ज फिर्यादीसाठी ठरलेल्या त्याच तीन अपवादांखाली चालावा, आणि तो फेटाळताना नवा म्हणून पुढे केलेला पुरावा नवा का नाही किंवा पुरेसा का नाही, यावर एक तरी निष्कर्ष असावा. 'पूर्वीचा अर्ज नामंजूर' एवढ्यावर दुसरा अर्ज निकाली काढू नये. दुसऱ्या अर्जात नवा कागद असेल तर पोलिसांचे म्हणणेही त्या कागदावर नव्याने मागवावे, आणि प्रत्येक म्हणण्याची प्रत सुनावणीपूर्वी अर्जदाराला मिळावी.

त्याच वेळी अर्जदारावरही बंधन वाढवावे. शपथपत्रात याच विषयावर पूर्वी कुठेही केलेल्या सर्व अर्जांचे, फिर्यादींचे आणि पुनरीक्षणांचे सीएनआर क्रमांक (संगणकावरील प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) व त्यांवरील आदेश देणे सक्तीचे व्हावे. दाखल करून घेतानाच संगणकावर पक्षकारांच्या नावाने जुळणी व्हावी, आणि माहिती दडवल्याचे दिसले तर नव्या संहितेच्या कलम ३७९ खालील, म्हणजे न्यायालयापुढे खोटे सांगितल्याबद्दलच्या, कार्यवाहीचा विचार न्यायालयाने करावा. खोटा अर्जदार अडवायचा असेल तर तो असा अडतो, आणि खऱ्या अर्जदारालाही त्याचा त्रास होत नाही.

शेवटची मागणी आपल्याकडे थेट नाही, म्हणून या पत्राची प्रत राज्याच्या गृह विभागाला आणि विधी व न्याय विभागाला स्वतंत्रपणे पाठवत आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज नामंजूर केला म्हणून पोलिसांचे कलम १७३ खालील कर्तव्य संपत नाही. पुढे दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर तो नोंदवणे त्यांच्यावर बंधनकारकच राहते, असे परिपत्रक गृह विभागाने सर्व पोलीस ठाण्यांना द्यावे आणि छापील वाक्याचे समजपत्र बंद करून कारण लिहिलेले उत्तर देण्याची पद्धत घालावी. आपल्याकडे याबाबत प्रशासकीय समितीकडून अभिप्राय मागवला जाणार असेल, तर नावे झाकलेल्या आदेशांच्या प्रती नागपूर खंडपीठाच्या निबंधक कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक भूखंडधारक व निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
नागपूर